सिद्धगडाची माची आणि भोवतालचा मुलूख

मुरबाडहून म्हसा गावाकडे निघाले की पूर्वेचे सारे आभाळ सह्याद्रीने अडवलेले दिसते. उत्तरेला नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा, मग मधल्या घाटवाटांच्या खाचा, मग गोरखगड आणि मच्छिंद्रगड ही सुळक्यांची जोडी, आणि त्यांच्या दक्षिणेला, मुख्य रांगेपासून जरा पुढे सरकून उभा असलेला एक दांडगा डोंगर. तो सिद्धगड. माथ्याची उंची सव्वातीन हजार फुटांच्या आसपास आहे; पण पायथ्याचे खोरे समुद्रसपाटीपासून फारसे वर नसल्यामुळे तो बुडापासून शेंड्यापर्यंत जवळजवळ सगळाच नजरेत येतो. ठाणे जिल्ह्याची हद्द इथे संपते. वर पलीकडे पुणे जिल्हा, दक्षिणेला रायगड.

इथे येणारे बहुतेक जण माथ्यासाठी येतात. शनिवारी रात्री कल्याणला उतरायचे, ठरवलेल्या जीपने पायथा गाठायचा, उजाडता उजाडता चढायला लागायचे, बालेकिल्ल्यावर फोटो काढायचे आणि रविवारी रात्री घरी. चढण दमवणारी आहे आणि तिचा आनंदही खरा आहे. तरीही सिद्धगड उरकून टाकण्याची जागा नाही. एखादे जुने शहर पाहायचे तर आपण रीतसर सुट्टी काढतो, तिथे मुक्काम करतो, बाजारात हिंडतो, आसपासची गावे पाहतो, तिथले जेवण जेवतो. सिद्धगडाकडे तसे जायला हवे, असे माझे ठाम मत आहे. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांचा हा डोंगराळ पट्टा मिळून एकच मोठे ऐतिहासिक स्थळ आहे, आणि किल्ला हा त्याचा एक कोपरा.

अलीकडे मराठी पर्यटक मोरोक्कोपर्यंत जाऊ लागले आहेत. तिथल्या फेस शहराचा तटबंदीच्या आतला जुना भाग १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या अरुंद गल्ल्यांत मोटारी शिरत नाहीत, माल अजून गाढवांवरून आणि खेचरांवरून वाहतात, कातडी कमावण्याचे हौद शतकानुशतके चालू आहेत, आणि या सगळ्यात लोकांचे संसार आहेत. जाणारा भिंती पाहायला जातो आणि माणसे पाहून परततो. त्याच देशात अ‍ॅटलस पर्वताच्या दक्षिणेला आइत बेन हद्दू नावाचे, मातीच्या उंच घरांचे तटबंद गाव आहे. १९८७ मध्ये तेही वारसा यादीत आले. तिथली बहुतेक कुटुंबे मात्र नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहायला गेली आणि जुन्या तटाच्या आत मोजकी घरे राबती उरली. जगभरचे लोक तिकडे जातात ते या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला: माणसे अशा जागी का राहिली आणि आता का उतरतात. हे दोन्ही प्रश्न सिद्धगडाच्या माचीवरही विचारता येतात, आणि कल्याणपासून तिथे पोचायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही.

माची म्हणजे काय, ते या डोंगराच्या घडणीतून कळते. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. टणक थराचा उभा कडा होतो. त्याखालचा ठिसूळ थर झिजून सपाटी तयार होते. त्या सपाटीवर वरून माती वाहून येते, पाणी मुरते, झरे फुटतात, झाडे धरतात. सिद्धगडाच्या मध्यावर अशी एक ऐसपैस सपाटी आहे. तिच्या डोक्यावर बालेकिल्ल्याचा कातळ आणि पायाखाली खोल दरी. किल्ला बांधणाऱ्यांनी या माचीच्या तोंडाशी दरवाजा उभारला, आणि शेती करणाऱ्यांनी आत बांध घालून भाताची खाचरे केली. राजवटी बदलल्या, शिबंदी उठली, पण शेती राहिली. सिद्धगडवाडी ही त्या दरवाजाच्या आतली वस्ती. जवळच साखरमाची हीही तशीच डोंगराच्या पदरातली वाडी.

जांभुर्डे किंवा नारिवलीकडून चढायला लागले की आधी दाट झाडी लागते. हा सगळा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. १९८५ मध्ये शेकरूसाठी हे अभयारण्य जाहीर झाले, आणि नशीब असेल तर उंच झाडांच्या शेंड्यांत त्याचे घरटे दिसते. आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन. उतारावर कारवी. तिला सात-आठ वर्षांनी एकदाच फुलोरा येतो, पण डोंगरातल्या माणसाचे तिच्याशी नाते रोजचे आहे: तिच्याच काठ्यांचा कुड विणून, वर शेणमाती लिंपून घराच्या भिंती उभ्या राहतात. पावसात गार वारा अडवणारी आणि उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी अशी भिंत सिमेंटला जमलेली नाही.

चढून आल्यावर माचीचा दरवाजा लागतो. चार दगड पडलेत, पण कमानीखालून आत जाताना आपण किल्ल्यात शिरतो आहोत हे अंगाला कळते. आत नारमातेचे देऊळ आहे. देवळाच्या आवारात वीरगळ आहेत. लढून पडलेल्यांच्या नावाने उभे केलेले हे दगड. खालच्या चौकटीत झुंज, वरच्या चौकटीत स्वर्गातली पूजा. कोण पडला, कुणाशी लढताना, हे दगड सांगत नाहीत; पण या आडरानात कुणीतरी कुणासाठी तरी जीव दिला आणि मागे राहिलेल्यांना तो विसरायचा नव्हता, एवढे त्यावरून नक्की समजते. सिद्धगडावर आलेल्या माणसाने या दगडांपुढे थोडा वेळ थांबावे. पुढे जे सांगायचे आहे त्याची ही प्रस्तावना आहे.

या मुलखात ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. पावसाळ्यात भात आणि उतारावर नागली, वरी. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलाव्यावर वाल आणि हरभरा. मुरबाडचा वाल ज्याने खाल्ला आहे त्याला वेगळे सांगायला नको. पायथ्याच्या घरी आधी सांगून ठेवले तर तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुकट आणि लसणाची चटणी असे जेवण मिळते. मावशींना पैसे विचारले तर त्या पटकन आकडा सांगत नाहीत. आपण शहरात एका जेवणाला काय मोजतो ते आठवावे आणि तेवढे द्यावे. घासाघीस करू नये. मुक्कामी पर्यटनाचा फायदा जर कुणाला व्हायचा असेल तर तो आधी या चुलीला व्हायला हवा.

माचीवरून बालेकिल्ल्याची वाट सुरू होते तेव्हा सकाळ असावी. वाट मुरमाड, घसरणीची आहे आणि पायऱ्या जागोजागी तुटलेल्या आहेत. निम्म्यात कातळात एक गुहा लागते. सावली आणि वारा दोन्ही मिळतात म्हणून प्रत्येक जण इथे टेकतो. माथा लहान आहे: पाण्याची टाकी, उघड्यावरचे शिवलिंग, गवतात हरवलेली जोती. खरी श्रीमंती चहूबाजूंच्या दृश्यात आहे. उत्तरेला गोरखगड आणि मच्छिंद्रगड, त्यामागे अहुपे घाटाचा कडा. दक्षिणेला पदरगड, तुंगी, आणि लांबवर कोथळीगड. पश्चिमेला माथेरानची लांबलचक सपाट रांग. माथेरान इथून इतके स्पष्ट दिसते याला या डोंगराच्या इतिहासात अर्थ आहे.

माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. गरिबीतून शिकून ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. लोक त्यांना भाई म्हणत. कर्जत-मुरबाडच्या शेतकऱ्याची आणि आदिवासीची सावकारी पाशातली अवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. पावसाळ्याच्या तोंडाला घरातले धान्य संपते, सावकाराकडून उचल घ्यावी लागते, आणि सुगीला त्याची दुप्पट-तिप्पट भरपाई जाते. भाईंनी त्यावर धान्यकोठ्यांचा उपाय काढला: गावानेच धान्य साठवायचे, अडलेल्याला उसने द्यायचे आणि सुगीला परत घ्यायचे. जोडीला खेड्यापाड्यांत शाळा. ज्याचे वर्णन 'विधायक काम' या दोन शब्दांत नेहमी संपवले जाते, ते प्रत्यक्षात सावकाराच्या पोटावर पाय देणारे काम होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली. पुढारी तुरुंगात गेले. भाईंवर अटकेचे वॉरंट निघाले आणि ते भूमिगत झाले. त्यांनी आझाद दस्ता उभा केला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज जाते, त्या विजेवर गिरण्या आणि आगगाड्या चालतात, आणि त्या गिरण्या-गाड्या सरकारचे युद्ध चालवतात, हा हिशेब त्यांनी मांडला होता. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने विजेचे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. रात्री डोंगरवाटांनी जायचे, मनोऱ्याचे पाय कापायचे, उजाडायच्या आत पांगायचे. रानाची, ओढ्यांची, चोरवाटांची माहिती असल्याशिवाय हे शक्य नव्हते. ती माहिती शेतकऱ्यांच्या आणि आदिवासी तरुणांच्या पायांत होती. कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील हे त्यांतले आघाडीचे नाव.

सरकारने पाठलाग वाढवला तसा दस्ता डोंगराच्या आश्रयाला आला. सिद्धगडाच्या पायथ्याचे रान त्यांनी निवडले ते उगीच नाही. वरून खोरे दिसते, खालून माणूस दिसत नाही, आणि घाटवाटांनी भीमाशंकरकडे निसटता येते. पण ठावठिकाणा फुटला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिस अधिकारी हॉल याच्या तुकडीने तळाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील पडले. भाई कोतवाल जखमी झाले आणि मग जवळून झाडलेल्या गोळीने त्यांचा प्राण घेतला. भाईंनी नुकतीच तिशी ओलांडली होती.

तो ओढा, ती झाडी, ती जागा आजही तशीच आहे. तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे, आणि दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या काळोखात मुरबाड, कर्जत, नेरळ, माथेरान, कल्याण अशा गावांतून माणसे तिथे जमतात. शाळांची मुले येतात, म्हातारे येतात, मशाली येतात. थंडी असते. ज्या वेळी गोळ्या चालल्या त्याच वेळी मानवंदना दिली जाते. मी महाराष्ट्रातले बरेच स्मृतिदिन पाहिले आहेत. जिथे घटना घडली त्या जागी, त्याच वेळेला, इतक्या आडवाटेला लोक आपण होऊन येतात असे फार कमी ठिकाणी दिसते. मुंबईत दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. रोज हजारो माणसे त्या बागेच्या कुंपणावरून पुढे जातात, बस पकडतात, बाकांवर बसतात. त्यांतल्या किती जणांना सिद्धगड कुठे आहे ते सांगता येईल? दादरच्या प्रत्येक शाळेने आपल्या मुलांना एकदा तरी इथे आणावे.

भाई कोतवालांनी मुंबईची वीज तोडली ही गोष्ट सांगताना मला शहापूरचे पाणी आठवते. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. पुढे वैतरणेवर धरणे झाली, मग भातसा आले, आणि आज मुंबईच्या पाण्यातला सुमारे निम्मा वाटा एकट्या भातशाचा आहे. ही धरणे शहापूरच्या परिसरातली. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही शहापूर तालुक्यातलेच. मे महिन्यात कसारा-शहापूर पट्ट्यात कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या बायका वर्षानुवर्षे दिसत आहेत. आपण सुट्टीला जातो ती जागा आपल्या नळाचा उगम आहे, हे ज्याला कळले तो इथे बाटलीभर पाणी मागतानाही विचार करील. उन्हाळ्यात इथे येताना आपले पाणी आपण घेऊन यावे.

शहापुरात मुक्काम केला तर माहुलीला जायलाच हवे. आसनगाव स्टेशनजवळून दिसणारी ती सुळक्यांची ओळ. इतिहासात माहुलीची जागा फार मोठी आहे. निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची शेवटची धडपड १६३६ मध्ये या किल्ल्यावर संपली. मोगल आणि आदिलशाही फौजांनी किल्ला वेढला, आतली रसद संपत आली, आणि शहाजीराजांनी तह केला. निजामशाही तिथेच बुडाली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. पायथ्याच्या देवळापासून शिडीपर्यंतची वाट पावसाळा सरल्यावर सुंदर असते. पण ती एक स्वतंत्र दिवसाची गोष्ट आहे, सिद्धगडाला जोडून करू नये.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून युनेस्कोच्या वारसा यादीत आले. शिवनेरी त्यात आहे. माहुली नाही, सिद्धगड नाही. मला याची खंत वाटत नाही. यादीतल्या किल्ल्यांवर आता गर्दी आणि पैसा दोन्ही जातील. यादीबाहेरच्या किल्ल्यांना आस्थेने येणारा माणूस हवा आहे, आणि तो आपणच व्हायला हवे.

जुन्नरच्या शिवनेरीचे नाव निघाले तर नाणेघाटाकडे वळू. कल्याण ते जुन्नर या प्राचीन व्यापारी वाटेवरचा हा घाट आणि त्याचा पायथा वैशाखरे गावात, मुरबाड तालुक्यातच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात कल्याणचा उल्लेख बंदर म्हणून येतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्या बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने देशावर जाई. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकली जाई असे पिढ्यान्पिढ्या सांगतात. आणि खिंडीत एक लेणे आहे, तीन बाजूंनी बसायला दगडी ओटे असलेले.

त्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वीचा. पती सातकर्णीबरोबर केलेल्या यज्ञांची ती यादी देते: अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक, आणि प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा: गाई, हत्ती, घोडे, गावे, कार्षापण. ही दक्षिणा आकड्यांत लिहिलेली असल्यामुळे भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात हे अंक उलगडले. मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत. वर कोरलेली नावे मात्र शिल्लक आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्रीसातकर्णी, आणि त्यांच्यासोबत एक महारठी. महाराष्ट्राच्या इतिहासाला नावागावानिशी जिथून सुरुवात होते, ती ही भिंत. तिच्यावर नावे खरवडणाऱ्यांना काय म्हणावे ते मला सुचत नाही. मुले बरोबर असतील तर त्यांना आधी लेखातल्या अंकांच्या खुणा शोधायला लावाव्यात, म्हणजे भिंतीची किंमत त्यांच्या हाताला कळते.

'पेरिप्लस'मुळे परदेशी प्रवाशांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चौदाव्या शतकात मोरोक्कोच्या टँजिअरचा इब्न बतूता दिल्लीहून निघून देवगिरी-दौलताबादला आला, पुढे नंदुरबारवरून गुजरातकडे गेला. दौलताबादच्या डाळिंबांचे आणि द्राक्षांचे त्याने कौतुक केले. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी लिहिताना ते कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात निपुण असल्याची नोंद केली, ते काय खातात तेही टिपले. राजवाड्यांबरोबर माणसांचे जेवणखाण आणि कसब पाहणारा हा प्रवासी होता, म्हणून पावणेसातशे वर्षांनंतरही त्याचे लिखाण वाचले जाते. मुरबाडला जाणाऱ्याने त्याचा हा गुण घ्यावा.

कसब पाहायचे तर म्हशाची यात्रा. पौष पौर्णिमेला म्हसा गावी खांबलिंगेश्वराच्या, म्हणजे म्हसोबाच्या यात्रेला सुरुवात होते आणि ती पुढे कित्येक दिवस चालते. कोकण आणि देश यांच्या वेशीवरचा हा जुना गुरांचा बाजार. घाटावरून बैल येतात, तसेच घोंगडी विकणारेही. कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, सुपे-टोपल्या, मातीची भांडी, मिठायांची दुकाने, तमाशाचे तंबू, पाळणे. गळ टोचून नवस फेडण्याची इथली जुनी प्रथा पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. तिच्याविषयी मत बनवण्याआधी नवस कोणत्या दुखण्याचा, कोणत्या अडचणीचा होता हे तिथल्या माणसाला विचारावे. बैल पारखताना शेतकरी दात बघतो, खूर बघतो, वशिंडावरून हात फिरवतो, आणि सौदा बऱ्याचदा रुमालाखाली बोटांनी होतो. ट्रॅक्टर आले तरी डोंगरातल्या लहान खाचरात बैलच चालतो, त्यामुळे या बाजाराला अजून अर्थ आहे. घोंगडे मात्र जरूर घ्यावे. काळ्या मेंढीच्या लोकरीचे, वजनदार, टोचणारे. पावसात अंगावर आणि थंडीत अंथरायला, वीस वर्षे कुठे जात नाही.

गोरखगडाविषयी थोडक्यात: देहरी गावातून चढावे, कातळात खोदलेल्या पायऱ्या जपून चढाव्यात, आणि माथ्याखालच्या प्रशस्त गुहेत दुपार काढावी. समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. गोरख, मच्छिंद्र आणि सिद्ध अशी नावे शेजारी शेजारी यावीत यावरून नाथपंथी साधूंचा या घाटवाटांवरचा वावर ध्यानात येतो. आणखी उत्तरेला शहापूर तालुक्यात डेहणे गावापाशी आजा पर्वत आहे, ज्याला सगळे आजोबाचा डोंगर म्हणतात. तिथे वाल्मीकींचा आश्रम सांगतात. याच नावाचा एक बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात रेडिओ कॉलर लावून सोडला होता. तो चालत चालत, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत, खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागापर्यंत गेला. या डोंगरांचे आणि मुंबईचे नाते किती सलग आहे, हे त्या जनावराने आपल्या पायांनी दाखवून दिले. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

आता माचीवरच्या माणसांविषयी. सिद्धगडाच्या मागच्या बाजूला, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी तशीच गाडली गेली. ज्या ठिसूळ थरावर माती साठते आणि झरे फुटतात, तोच थर अतिवृष्टीत सुटतो. माचीचे वरदान आणि माचीचा धोका एकाच कारणातून येतात. माळीणनंतर डोंगराच्या पदरातल्या वस्त्यांना खाली आणण्याचा विषय या पट्ट्यातही आला, आणि तो योग्यच होता. जिवापेक्षा जुनी जागा मोठी नाही.

पण माणूस खाली आणला म्हणजे काम संपले असे समजणे अन्यायाचे आहे. खाचर वर राहते, हिरड्याची आणि आंब्याची झाडे वर राहतात, नारमाता वर राहते, पितरांचे दगड वर राहतात. खाली घर मिळते. चरायला रान, गोठ्याला जागा, घराला लागून शेत मिळेलच असे नाही. मग रोज चढून शेती करायची, नाहीतर मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारी. आइत बेन हद्दूच्या लोकांना नदी ओलांडून निदान पाहुण्यांच्या येण्यातून रोजगार मिळाला. तसा रोजगार सिद्धगडच्या लोकांना मिळू शकतो: वाटाड्या म्हणून, मुक्कामाची सोय करणारे म्हणून, अभयारण्यातले रानभाज्यांचे, औषधी झाडांचे, पक्ष्यांचे जाणकार म्हणून. त्यासाठी वनखात्याने वाटाड्यांना ओळखपत्रे द्यावीत, मुक्कामाच्या घरांना परवानगी सोपी करावी, आणि शहरातून येणाऱ्या संस्थांनी आपला स्वतःचा 'लीडर' आणि आपला डबा आणण्याऐवजी गावातला माणूस आणि गावातले जेवण घ्यावे. हे काही अवघड नाही. गिर्यारोहण संस्थांनी ठरवले तर येत्या हंगामापासून होऊ शकते.

जायचे असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ. मुसळधार पावसात सिद्धगडला जाऊ नये. दरडी, घसरडी वाट आणि भरलेले ओढे यांनी अनुभवी माणसेही अडकली आहेत. कल्याणहून मुरबाडपर्यंत एसटी भरपूर, पुढे म्हसा, जांभुर्डे, नारिवलीकडे जीप आणि ठरलेल्या वेळेच्या गाड्या. परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवावी. अभयारण्यात चूल पेटवू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, प्लास्टिक खाली आणावे. वाटाड्या घ्यावा, कारण बालेकिल्ल्याची वाट दर पावसाळ्यानंतर थोडी बदलते. एक दिवस माचीला, एक दिवस गोरखगडाला, एक नाणेघाटाला, आणि ज्यांना जमेल त्यांनी माहुलीला.

आणि २०२६ च्या जानेवारीत एक योग चांगला जुळून आला. २ जानेवारीला शुक्रवार. पहाटे सिद्धगडाच्या पायथ्याशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना. दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीला, शनिवारी, पौष पौर्णिमा, म्हशाची यात्रा. २ जानेवारीच्या आदल्या संध्याकाळीच मुरबाडला येऊन राहा, मुलांना बरोबर आणा, आणि पहाटे स्मारकापाशी वेळेवर उभे राहा.